चार मिनिटं अकरा सेकंद

ऋत्विकने तो कॉम्प्युटर घरी आणला त्या दिवसापासून त्याच्या बापाचं, आनंदाचं, त्या कॉम्प्युटरशी पटलं नव्हतं. रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, त्यांनी जुनं सामान विकायला काढलं, आणि हा पठ्ठ्या रिक्षातून एक मॉनिटर, एक पत्र्याचा डबा आणि वायरींचं भेंडोळं घेऊन पुलापलीकडच्या वाडीत हजर झाला. डबा चालू केला की जात्यासारखा घरघरायचा. आत विंडोज होतं, ते उघडेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचे. शेवटी लॉकडाउनमध्ये ऋत्विकने ते पुसून टाकलं आणि लिनक्स घातलं. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरस लागत नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा. "फुकट हाय म्हंजे कायतरी खोट असणार," आनंदा जाळं विणता विणता म्हणायचा. बापलेकाचा हा वाद पाच वर्षं रंगला. खोट कुठे होती ते यंदा श्रावणात कळलं, पण तोवर वाद घालायला ऋत्विक उरला नव्हता.

वैशाखात मुंबईच्या एजंटाचा फोन आला होता. ऋत्विक एका मालवाहू जहाजावर डेकचा खलाशी होता. सव्विसाव्या वर्षी त्याचा हा तिसरा करार. पहाटेच्या पाळीत तो जहाजावरून नाहीसा झाला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही, जहाज पुढे गेलं. जहाजाला थांबून चालत नाही हो, असं एजंट म्हणाला, आणि हे वाक्य त्याने आधीही पुष्कळांना ऐकवलेलं असावं असं त्याच्या आवाजावरून वाटलं.

मग कंपनीचं पत्र आलं. असल्या पत्रांची तऱ्हाच असते: दुःख झाल्याचं पहिल्या ओळीत आणि मुद्द्याचं तिसऱ्या पानावर. चौकशीअंती असं दिसतं की सदर खलाशी स्वतःच्या इच्छेने कठड्यावरून गेला, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. ऋत्विकच्या बहिणीने, राहीने, ते आईबापाला मराठीत सांगितलं. आनंदा उठला आणि दारापुढच्या खळ्यात गेला. शेजारच्या गंगुबाईने कुंपणापलीकडून विचारलं, "काय रे आलंय पत्रात?" तर म्हणाला, "पाय घसरला. डेक वला होता." दुपारपर्यंत सगळ्या वाडीला ठाऊक झालं की आनंदाच्या पोराचा पाय घसरला.

गुणवंतीने मात्र एकच वाक्य धरून ठेवलं. "माझा पोरगा असा नाय." भात वाढताना, तांदूळ निवडताना, कुणी काही विचारलेलं नसतानाही ती ते म्हणायची. मधेच हात थांबवून राहीकडे बघायची, जणू उत्तर तिच्याकडे आहे.

उत्तर राहीकडे नव्हतं. होता तो एक फोन. ऋत्विक नाहीसा झाला त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी तीनला, त्याने जहाजावरच्या वायफायवरून तिला फोन केला होता. ती कामाला होती त्या पतपेढीत कॅश बंद करायची वेळ, काउंटरवर माणसं, साहेब डोक्यावर उभे. तिने फोन कापला. त्याने पुन्हा केला. तिने पुन्हा कापला आणि लिहिलं, "नंतर करते." त्याचं उत्तर आलं, "बरं." बस्स. नंतर म्हणजे नंतर ती विसरली. ही गोष्ट तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. ते "बरं" तिने शंभर वेळा वाचलं होतं. कधी ते साधं वाटायचं, जेवायला बोलावल्यावर तो म्हणायचा तसलं. कधी त्यात एवढं काही दिसायचं की मोबाईल उपडा ठेवून ती न्हाणीत जाऊन रडायची. तो घसरला असेल तर "बरं" म्हणजे फक्त बरं. आणि घसरला नसेल तर? पुढचा विचार ती करत नव्हती.

श्रावणातल्या एका सोमवारी कंपनीचा मेल आला. डेकवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कुटुंबीयांना बघता येईल. लांबी चार मिनिटं अकरा सेकंद. दिलेल्या लिंकवर, फक्त कॉम्प्युटरवर; मोबाईलवर नाही, म्हणजे कुणी उतरवून घेऊ नये. वडलांच्या मोबाईलवर येणारा आकडा टाकल्याशिवाय उघडणार नाही. एकूण तीन वेळा बघता येईल. मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. हरकत असेल तर त्याच मुदतीत नोंदवावी, आणि नोंदवताना कितव्या मिनिटाला व कितव्या सेकंदाला काय दिसलं ते लिहावं.

सात दिवस म्हणजे पुष्कळ झाले. पण गुणवंतीने पाचर मारली. शनिवारी नारळी पौर्णिमा होती. दर्याने माणूस घेतलेल्या घराने दर्याला नारळ दिल्याशिवाय त्याच्याकडे डोळे वर करून बघायचं नाही, असं तिच्या माहेरी, बुरोंडीला, पाळतात म्हणे. वैशाखापासून ती बंदराच्या वाटेलाही गेली नव्हती. "त्या कॅमेऱ्यात दर्याच असणार ना? मग शनवारपातूर कोणी बघायचं नाय," ती म्हणाली. राहीने समजावून पाहिलं. आनंदा एरवी बायकोच्या असल्या गोष्टींना हसण्यावारी न्यायचा, पण या खेपेला म्हणाला, "असू दे. पाच दिसांनी काय बिघडतंय?" राहीला त्याचा अर्थ कळला. तोही घाबरलेला होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही हायसंच वाटलं.

शनिवारी संध्याकाळी आनंदाने एकट्याने जाऊन नारळ दिला. रविवारी सकाळी देवपूजा झाल्यावर राही पडवीतल्या कॉम्प्युटरसमोर बसली. नेटसाठी आपला मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून ठेवला, कारण घरात रेंज यायची ती त्या खिडकीपुरतीच. आनंदाने डोळे किलकिले करत आपल्या मोबाईलवरचा आकडा वाचून दाखवला. तिने टाकला. लिंक उघडली आणि पडद्यावर एक पिवळी पट्टी आली. तुमची प्रणाली या सेवेसाठी मान्य नाही. खाली मान्य असलेल्यांची नावं होती. त्यात लिनक्स नव्हतं.

"काय म्हणतंय?" आनंदाने विचारलं.

"आपला कॉम्प्युटर चालणार नाही म्हणतंय."

"मी सांगत होतो त्याला," आनंदा म्हणाला, आणि मग गप्प झाला.

आता कुणी म्हणेल, यात काय मोठं, दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागून आणायचा. पतपेढीत राहीच्या टेबलावरच विंडोज होतं. पण तो दिवस रविवार, पतपेढी बंद. आणि उघडी असती तरी तिथे चार लोकांच्या देखत, साहेबांच्या काचेसमोर, भाऊ कठड्यावरून कसा गेला ते बघत बसायचं? वाडीत दोघांकडे लॅपटॉप होते. मागितला की कशाला, असं विचारणार. कशाला ते सांगितलं की कंपनी काय म्हणते तेही बाहेर येणार. आणि चित्रात भलतंच दिसलं तर? "ह्या उंबऱ्याभायेर ही गोष्ट जाता नये," आनंदाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा जे काही करायचं ते याच डब्यावर करणं भाग होतं.

राहीला कॉम्प्युटर म्हणजे पतपेढीचं सॉफ्टवेअर, एवढंच येत होतं. तरी ती शोधायला लागली. इंटरनेटवर याच अडचणीत सापडलेले लोक जगभर पसरलेले होते. कुणाला सिनेमा बघायचा होता, कुणाला क्रिकेट. एकजण सापडत नसलेल्या मालिकेसाठी इतका हवालदिल झाला होता की राहीला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली. त्यांच्यातल्याच एकाने उपाय लिहिला होता: ब्राउझरला खोटं बोलायला शिकवा. साइटने विचारलं, तू कोण, तर लिनक्स न सांगता विंडोज सांगायचं. त्यासाठी एक लहानसं जोडकाम, म्हणजे ब्राउझरला लावायचा छोटा प्रोग्राम, मिळतं. ते शोधून बसवायला राहीला दुपारचे तीन वाजले. मधे दोनदा वीज गेली. डबा प्रत्येक वेळी पहिल्यापासून घरघरला.

मग पुन्हा लिंक, पुन्हा आनंदाच्या मोबाईलचा आकडा. या खेपेला पिवळी पट्टी आली नाही. एक चौकट आली, तिच्या मधोमध त्रिकोणी बटण. चालतंय का ते आधी एकटीने पाहावं, मग बाबांना बोलवावं, असं राहीने ठरवलं आणि बटण दाबलं. चौकट काळी झाली. लोड होत असेल म्हणून ती थांबली. खाली घड्याळ सरकत होतं, दहा सेकंद, वीस, मिनिट. चित्र काही येईना. तिने बंद करून पुन्हा उघडलं, तर कोपऱ्यात लिहून आलं: शिल्लक, दोन.

तिने डोक्याला हात लावला. बटण दाबलं की एक पाहणी खर्ची पडते, मग दिसो वा न दिसो. चौकशी करायला मेलमध्ये दिलेला नंबर परदेशातला होता आणि रविवारी तिथे मशीनच बोलत होतं.

सोमवारी तिने रजा टाकली. सकाळी नवी माहिती हाती लागली. अशा चित्रणांना कुलूप असतं, आणि ते उघडणारी किल्ली लिनक्सच्या ब्राउझरमध्ये आधीपासून नसते. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागते, मग ती आपोआप उतरते. राहीने खूण केली. किल्ली उतरली. खात्री करायला तिने मैत्रिणीच्या खात्यावरून सिनेमे-मालिकांच्या कुलूपवाल्याच एका साइटवर काहीतरी लावून पाहिलं. एक बाई कढईत काजू परतत होती. स्वच्छ दिसत होती, तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा येत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा राहीला वाटलं, जमलं. ती पळतच मागल्या दारी गेली. "बाबा, चला. होतंय आता."

आनंदाने हातपाय धुतले, सदरा घातला. देवळात जाताना घालायचा तो सदरा. गुणवंती पडवीत आली नाही. माजघराच्या दाराआड, भिंतीला पाठ टेकून खाली बसली. "माझ्याच्यान बघवणार नाय," ती म्हणाली. "तुम्ही बघा आनि मला सांगा. खरं असल ता सांगा." आनंदा मान हलवून राहीच्या शेजारी खुर्चीवर बसला. राहीने बटण दाबलं.

चौकट काळी झाली.

घड्याळ सरकायला लागलं. पाच सेकंद. पंधरा. राहीने माऊस हलवला, आवाज वाढवला, ब्राउझर मोठा करून लहान केला. काही नाही. बंद करू का, असं तिने आनंदाकडे बघून खुणेने विचारलं. आनंदाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या काळ्या चौकटीकडे बघत होता. आयुष्यभर पहाटेच्या अंधारात होडी हाकलेला माणूस. त्याला काळोखात बघायची सवय होती, पण ह्या काळोखात बघण्यासारखं काहीच नव्हतं. दोन मिनिटं झाली. तीन. दाराआडून श्वास ऐकू येत होता. चार मिनिटं अकरा सेकंदांना घड्याळ थांबलं आणि कोपऱ्यात आलं: शिल्लक, एक.

"काय झालं?" आतून गुणवंतीने विचारलं. "अवो, काय दिसलं?"

राहीने तोंड उघडलं. त्याआधीच आनंदा बोलला.

"पाय घसरला त्याचा."

राही त्याच्याकडे बघतच राहिली. तो अजून पडद्याकडेच बघत होता.

"पानी होतं डेकवर. हातात कायतरी बालदीसारकं होतं. लाट आली. त्यानं कठडा धरायचा बघितलान, पन हात पोचला नाय."

मग बारीक आवाजात गुणवंती म्हणाली, "हाक मारलान काय कोनाला?"

"आवाज नसतो त्यात. पन तोंड उघडलान. आये म्हनला."

त्यावर गुणवंती जी रडली तसं ती वैशाखातही रडली नव्हती. अंत्यविधीला देह नव्हता, म्हणून रडायलाही तिला काही सापडलं नव्हतं, ते आता सापडलं. राहीला वाटलं, उठावं आणि बापाला गदगदा हलवावं. त्याच वेळी वाटलं, त्याच्या पायांवर डोकं ठेवावं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. पडद्यावर हरकतीचा फॉर्म उघडला होता, त्यात मिनिट आणि सेकंद लिहायच्या दोन रिकाम्या चौकटी होत्या.

"लिही," आनंदा हळूच म्हणाला. "पाय घसरला म्हनून लिही."

"कितव्या मिनिटाला लिहू?"

आनंदाने सदरा काढून खुंटीला लावला आणि जाळं घेऊन पायरीवर जाऊन बसला.

राहीने तासभर पुन्हा शोध घेतला. शेवटी एका कोपऱ्यात, तीन वर्षांपूर्वीचा, कुणा परक्या माणसाचा खुलासा सापडला. काही कंपन्यांची कुलपं नुसती ब्राउझरची किल्ली मानत नाहीत, मशीनमध्येही एक तुकडा लागतो. तो नसेल तर चित्र येत नाही, घड्याळ तेवढं चालतं. या प्रणालीवर ते कधीच चालणार नाही, माफ करा, दुसरं मशीन बघा. हा भला माणूस रविवारीच भेटला असता तर एक दिवस आणि दोन पाहण्या वाचल्या असत्या. पण नारळ शनिवारी द्यायचा होता, पतपेढी रविवारी बंद होती. आता कुणाला बोल लावायचा?

दुपारी अडीचला विहिरीपाठी जाऊन तिने हितेशला फोन केला. हितेश पतपेढीत तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पोरगा पोटात ठेवणारा होता. "एक फॉर्म आहे, सहाच्या आत भरायचाय, आमच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. तुझा लॅपटॉप देशील?" कसला फॉर्म, असं त्याने विचारलं नाही. काम उरकून निघतो, म्हणाला. निघायला त्याला चार वाजले, पुलावर पावसाने गाठलं, आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो भिजलेला खळ्यात उभा राहिला. लॅपटॉप मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत कोरडा होता.

आनंदाने पायरीवरून त्या पिशवीकडे पाहिलं, मग राहीकडे. तो आता ओरडेल, असं तिला वाटलं. पण गुणवंतीच पुढे झाली. तीन महिने कुणाला ये म्हणून न म्हणणारी बाई पदराने डोळे पुसत हितेशला म्हणाली, "किती भिजलायस रे! आत ये, टावेल देते. च्या घे." आणि त्याला माजघरात घेऊन गेली.

राहीने लॅपटॉप पडवीत टेबलावर उघडला. सारं दोन मिनिटांत झालं. लिंक उघडली तर पिवळ्या पट्टीच्या जागी हिरवी पट्टी आली: तुमची प्रणाली मान्य आहे. मग आकडा हवा होता. ती मोबाईल मागायला वळली तर आनंदा तो हातात घेऊन मागेच उभा होता. मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून त्याने सहा अंक एकेक करून वाचले. तिने टाकले. चौकट आली. कोपऱ्यात लिहिलं होतं: शिल्लक, एक.

"हे चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल."

त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. "बघ तू," म्हणाला. "तुला बघायचंच हाय, ता मला ठाव हाय. पन मला सांगू नको. काय बी दिसू दे, मला सांगू नको." आणि पुन्हा पायरीवर जाऊन, तिच्याकडे पाठ करून बसला.

राहीचं बोट बटणावर होतं. आता अडवायला कुणी नव्हतं. लिनक्स नव्हतं, वीज होती, रेंज होती, बापाची परवानगी होती. नुसतं दाबायचं.

माजघरातून गुणवंतीचा आवाज येत होता. "पाय घसरला रे त्याचा. ह्यांनी आज डोळ्यांनी बघितलानी. हातात बालदी होती. लाट अशी आली, आडवी. निळा शर्ट होता अंगात, मीच घेऊन दिलेला." निळा शर्ट आनंदा बोललाच नव्हता, तो तिचा तिने घातला होता. "मला हाक मारलान. आये म्हनला नि मग गेला." हितेश काय बोलणार? "हो काकी," असं हळू आवाजात म्हणत होता. गुणवंती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. या खेपेला बालदी भरलेली होती.

राहीला वाटलं, दाबावं. घसरला असला तर? तर सगळंच सुटेल. फॉर्ममध्ये मिनिट लिहिता येईल, सेकंद लिहिता येईल, कंपनीच्या तोंडावर ते फेकता येईल, आणि "बरं" म्हणजे बरं. पण घसरला नसला तर? तर या घरात ते एकटीला ठाऊक असणार. रोज सकाळी आईच्या हातचा चहा घेताना, ती निळ्या शर्टाचं सांगेल ते ऐकताना, मान डोलवायची. बापाला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही, आणि स्वतःला रोज सांगायचं की तीन वाजता त्याने दोनदा फोन केला होता. दोन दिवस ती त्या डब्याला शिव्या घालत होती, त्याच्यामुळे अडलं म्हणून. आता तिला कळलं की डबा अडवत होता तोवर ती सुखात होती. तिला बघायचं नव्हतं. तिला फक्त तो घसरलेला बघायचा होता.

साडेपाच झाले. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. पावणेसहा. एकदा तिने डोळे मिटून दाबायचं ठरवलं आणि मिटल्या डोळ्यांनी तशीच बसून राहिली. ऋत्विक लहानपणी पुलावरून खाडीत उडी मारायचा ते तिला आठवलं, आणि ते नेमकं आत्ता का आठवलं म्हणून ती स्वतःवरच चिडली. डोळे उघडले तेव्हा सहाला चार मिनिटं होती. चित्रण चार मिनिटं अकरा सेकंदांचं. आता दाबलं असतं तरी शेवट दिसला नसता. तेव्हा कुठे तिचा हात सैल पडला.

सहाला बटण राखाडी झालं. दोनच मिनिटांत मेल आला, इतक्या तत्परतेने कंपनीने आजवर काहीच पाठवलं नव्हतं. कुटुंबीयांनी चित्रण दोन वेळा पाहिलं. हरकत नोंदवलेली नाही. चौकशीचा निष्कर्ष कायम करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.

हितेशने आतून विचारलं, "भरला का फॉर्म?"

"भरला," राही म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. मग तिला रडू आलं. तोंडावर ओढणी दाबून ती आवाज न करता रडली, पण पडवी केवढी ती. आनंदाने मान वळवून पाहिलं. तिचा चेहरा बघितला आणि त्याचा स्वतःचा चेहरा हळूहळू विझत गेला. दुपारी त्या काळ्या चौकटीत त्याने जे मुद्दाम पाहिलं नव्हतं, ते त्याला आता लेकीच्या तोंडावर लख्ख दिसलं.

तिने चित्रण पाहिलं असं तो धरून चाललाय, हे राहीच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. ती तशीच उठली, पायरीवर त्याच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, तसं नाही. बाबा, मी—"

आनंदाने हात वर केला.

"सांगू नको म्हनलं ना," तो म्हणाला. "समजलो मी." आणि जाळ्याचा फाटका भाग मांडीवर ओढून घेऊन तो पुन्हा विणायला लागला.